मालनच्या पापण्या

मिरची कांडली जाते तेव्हा तिचा वास आधी नाकाला लागत नाही, घशाला लागतो. खूप आत, जिभेच्या मुळाशी, बारीक सुई टोचावी तसा. मग डोळे चुरचुरतात, आणि ठसका ओसरल्यावर कधीतरी त्यातला धणे-खोबऱ्याचा मऊ, तेलकट सुगंध ओळखू येतो. आज दुपारी खिडकीचं तावदान सरकवलं आणि गल्लीच्या टोकाच्या कांडप केंद्रातून तो आला. मे महिना लागल्याचं मला कॅलेंडरने कधी सांगितलेलं नाही. ते हा वासच सांगतो. डोंबिवलीच्या गच्च्यांवर आता पूर्वीइतक्या मिरच्या वाळत नाहीत, जुन्या साड्यांवर पसरलेला तो लाल खच दिसेनासा झाला आहे, पण कुठे ना कुठे कुणीतरी वर्षाचा मसाला करून ठेवतंच. मी खिडकी लावून घेतली. या वयात ठसका लवकर थांबत नाही.

पण वास आत आला होता. त्याच्यामागून ठाण्याच्या नौपाड्यातला तो दुसरा मजला आला, काळे पडदे लावलेली खोली आली, तापलेल्या मॉनिटरांच्या पाठी आल्या, आणि जी कधी जन्मलीच नाही अशा एका बाईचे डोळे आले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या स्टुडिओच्या बरोबर खाली मसाल्याचं कांडप होतं. डंखांचा, त्या कांडणाऱ्या लोखंडी मुसळांचा, दणका सकाळी नऊला सुरू होई आणि तो पायांच्या तळव्यांतून वर चढे. टेबलावरच्या पाण्यात वर्तुळं उठत. लाल, अतिसूक्ष्म धूळ की-बोर्डच्या फटींत जाऊन बसे. दिवसभर काम केलेली बोटं चुकून डोळ्याला लागली की संपलंच. स्टुडिओतले आम्ही पाचही जण शिंकत, डोळे पुसत बसलेले असू, आणि समोरच्या पडद्यावरची ती बाई मात्र पापणीही न लववता आमच्याकडे पाहत असे.

स्टुडिओ विद्याधरदादांचा. आयुष्याची पहिली वीस वर्षं त्यांनी चित्रपटगृहांत मध्यंतराला दाखवायच्या जाहिरातींच्या काचा रंगवण्यात घालवली होती. साडीच्या दुकानाच्या, चष्मेवाल्यांच्या, मंगल कार्यालयांच्या. काचा गेल्या तेव्हा त्यांनी संगणक आणले. परदेशात कुठेतरी एक चित्रपट तयार होत होता, दूरच्या काळातला, दूरच्या ग्रहावरचा. आणि त्यातला एकही माणूस खरा नव्हता. कॅमेऱ्यासमोर कुणी उभं राहणार नव्हतं. केस, कातडी, डोळ्यांतला ओलावा, सगळं संगणकात घडवायचं, आणि तरीही पाहणाऱ्याला ते हाडामांसाचं वाटलं पाहिजे, अशी त्या लोकांची जिद्द. त्या अवाढव्य कामाचा कणभर तुकडा, जेमतेम दोन मिनिटांचा, या हातातून त्या हातात उतरत दादांपर्यंत आला होता. अंतराळयानाची कप्तान अनेक वर्षांच्या गोठवलेल्या झोपेतून जागी होते, झोपलेल्या सोबत्यांच्या रांगांमधून चालत जाते आणि खिडकीशी उभी राहते. एवढंच.

मला संगणकातलं काही येत नव्हतं. मराठी घेऊन एम.ए. केलेलं, कवितेवर प्रबंध अर्धवट टाकलेला, शिकवण्यांवर चाललेलं. दादांनी मला घेतलं ते एका विचित्र कारणासाठी. “तुम्ही कविता वाचलेल्या बाई,” ते म्हणाले होते. “चेहऱ्यात काय चुकतंय ते आमच्याआधी तुम्हाला कळेल. ते फक्त आम्हाला समजेल अशा भाषेत सांगा.”

म्हणून माझ्यासमोर एक हातआरसा आणि दोनशे पानी वही असे. आरशात पाहायचं, लोकांकडे पाहायचं, आणि लिहायचं. ‘संकोच: आधी मान, मग पापणी, सगळ्यांत शेवटी ओठ.’ ‘खोटं हसू: डोळ्यांच्या कडांपर्यंत पोचत नाही.’ ‘काहीतरी आठवणं: नजर वर जाते, पण काही बघत नाही.’ ती वही वाचून हरेश पडद्यावरच्या चेहऱ्याच्या, माऊसने ओढायच्या, खुंट्या हलवी. भुवईच्या आतल्या टोकाची एक, बाहेरच्या टोकाची एक, नाकपुडीची, गालाची, अशा कितीतरी. एकेक चित्र रंगून, उजेडात न्हाऊन पूर्ण व्हायला यंत्राला बराच वेळ लागे, आणि एका सेकंदाला अशी चोवीस चित्रं. त्याला आमच्याकडे ‘शिजणं’ म्हणत. सकाळी आल्या आल्या पहिला प्रश्न तोच, “किती शिजली?”

हरेश चेंदणीच्या कोळीवाड्यातला. त्याची आई बाजारात मासळी घेऊन बसायची. कप्तानबाईंचं खरं परदेशी नाव आमच्यापैकी कुणाच्याच जिभेवर ठरेना, तेव्हा पहिलं चित्र शिजून आल्यावर हरेशनेच तिचं बारसं केलं. “मालन,” तो म्हणाला. “आमची मालनमावशी अशीच बघते, गिऱ्हाईक भाव पाडून मागतं तेव्हा.”

आणि मालनमध्ये काय चुकतंय तेही त्यानेच आधी सांगितलं. आम्ही सगळे तिचे केस न्याहाळत होतो, कातडीवरची छिद्रं मोजत होतो. सगळं जागच्या जागी होतं आणि तरीही तिच्याकडे पाहिलं की पाठीच्या कण्यातून काहीतरी सरकून जाई. हरेश खुर्चीत मागे रेलून म्हणाला, “ताई, ही बया जिती नाय वाटत.”

“का?”

“डोळे बघ ना गो. कालच्या पापलेटाचे डोळे हायेत. आयस माझी लांबूनच सांगेल, परत ने म्हणून.”

सगळे हसले. मीही हसले, पण ते वाक्य माझ्या अंगावर काटा आणून गेलं. कारण तसे डोळे मी रोज घरी पाहत होते.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिची भुवई शाळाभर प्रसिद्ध. पन्नास मुलांचा गलका ती एक शब्द न उच्चारता, नुसती डावी भुवई उचलून थांबवायची. बाबा फार लवकर गेले. त्यांच्यानंतर घरात आम्ही दोघीच, आणि आमच्यातलं निम्मं बोलणं तिच्या चेहऱ्यावरच चालायचं. भाजीत मीठ जास्त झालं, पाहुणे लांबले, मी खोटं बोलतेय हे तिला कळलं, सगळं त्या भुवईत, ओठांच्या एका कोपऱ्यात. मग कंपवात आला. हात थरथरू लागला तेव्हा आम्ही घाबरलो, पण हाताची सवय झाली. चेहऱ्याची झाली नाही. भुवई हळूहळू खाली आली आणि तिथेच राहिली. पापण्या लवेनात. तिचं हसू एखाद्या भाड्याच्या घरातून सामान हलवावं तसं, एकेक वस्तू करत निघून गेलं. डॉक्टरांनी समजावलं होतं, स्नायू आखडतात, चेहरा मुखवट्यासारखा होतो, पण आतलं माणूस तेच असतं, सगळं समजत असतं. मी मान हलवली होती. पण ‘आतलं माणूस तेच’ हे शब्द रोज संध्याकाळी त्या चेहऱ्यासमोर बसून खरे मानणं फार अवघड होतं.

त्या उन्हाळ्यात मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: आई माझ्यावर रागावली आहे का? तिला दिवसभर दुसऱ्याच्या हवाली करून मी ठाण्याला जात होते. ती काही बोलत नव्हती. बोलणंही आताशा क्वचितच. आवाज इतका बारीक झाला होता की शब्द ओठांवरून उचलून घ्यावा लागे. आणि चेहरा तर काहीच सांगत नव्हता.

ज्यांच्या हवाली करून जायची त्या कुसुममावशी खालच्या मजल्यावरच्या. मायाळू, पण जिभेला हाड नाही. एके सकाळी मी चपला घालत असताना त्या वरणभाताचं ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “जा बाई, जा. तिकडे तुझी ती बाहुली वाट बघत असेल. तिला हसायला शिकव. हिला काय, मी भरवते.”

“मावशी, पगाराशिवाय औषधं कशी आणायची?”

“मी कुठे नको म्हणते सुलू? मी आपलं म्हटलं. हिला विचार.”

हिला विचार. मी आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे पाहत होती. की भिंतीकडे तोंड करून बसवली होती म्हणून? मला ठरवता आलं नाही, आणि मी जिना उतरले.

लोकलची गर्दी टाळायला मी तेव्हा डोंबिवलीहून शीळफाट्यावरून जाणाऱ्या एस.टी.ने ठाण्यात खोपटला उतरत असे आणि तिथून चालत नौपाडा. फाट्याजवळ दगडाच्या खाणी होत्या. उन्हात पांढरी पडलेली कापलेली टेकडी, त्यावर धुळीचा स्थिर ढग, माणूस नाही, झाड नाही. बसच्या खिडकीची कांब इतकी तापलेली असे की तिला दंड लागला की चटका बसे. मालनच्या यानाच्या खिडकीतून जो उजाड ग्रह दिसायला हवा होता, त्याची परदेशातून आलेली चित्रं पाहून दादा म्हणाले होते, “अरे, हा तर शीळफाटा!” तेव्हापासून त्या ग्रहाचं नाव आमच्या कागदपत्रांतही शीळफाटाच पडलं. मला रोज तिथून जाताना वाटे, मालन एवढ्या वर्षांची झोप संपवून उठते ती हे पाहायला.

पण ती उठायला हवी होती. तेच तर जमत नव्हतं. इतक्या दीर्घ झोपेतून जागं होणारं माणूस कसं दिसतं? माझ्या वहीत ते नव्हतं. आरशात ते सापडेना. मी डोळे मिटून उघडून पाहिले. ती एका धडधाकट बाईची उघडझाप होती.

आणि मग एका रविवारी दुपारी आई वामकुक्षीतून जागी होताना मी पाहिली. मी शेजारीच बसले होते. पापण्या उघडल्या, पण नजर आली नाही. नजर मागाहून आली, लांबून चालत आल्यासारखी. मग बराच वेळ पापणी लवलीच नाही. मान आधी वळली, डोळे तिच्या पाठोपाठ. चेहऱ्यावर काही उमटलं नाही, तरीही कुणीतरी आलं आहे, आत कुणीतरी दिवा घेऊन फिरतं आहे, असं वाटलं. मी पेन उचललं. मी श्वास मोजले. पुढचे आठ-दहा दिवस, आईला उठवताना, तिचे केस विंचरताना, तिला पाणी पाजताना मी मोजत राहिले. आणि लिहिलं: ‘आईच्या पापण्या. दोन उघडझापींमध्ये इतकं अंतर की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. नजर मानेच्या मागून येते. हसण्याच्या जागी काही नाही, पण ती जागा रिकामीही नाही.’ आणि त्याखाली, ऑफिसच्या सवयीने दोन शब्द: ‘मालनसाठी उपयोगी.’

हरेशने ते वाचून दोन दिवस खुंट्या हलवल्या. तिसऱ्या सकाळी चित्रं शिजून आली. मालनने डोळे उघडले, नजर लांबून चालत आली, मान वळली. खालचे डंख तेवढे वाजत होते.

“हे कुठून आणलंस गो?” हरेशने हळूच विचारलं.

“पाहिलं कुठेतरी,” मी म्हणाले.

पुढचा तुकडा चालण्याचा. झोपलेल्या सोबत्यांच्या मधल्या अरुंद वाटेने मालन जाते, पायांत अजून त्राण नाही, तोल जातो, कुणाच्या तरी पायाला तिचा पाय लागतो, ती सावरते, पुढे जाते. तिची चाल ठरवायला आम्ही स्टुडिओतच चित्रण केलं. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन रांगा मांडल्या, मध्ये चटईवर हरेश झोपला, आणि उंची साधारण जुळते म्हणून मी चालले. दादांनी हातातल्या कॅमेऱ्यात ते घेतलं. मग चित्रागणिक ते मालनच्या अंगावर उतरवलं गेलं. आम्ही पाच जणांनी तो तुकडा कित्येक आठवडे रोज पाहिला. तिच्या पावलांची लय, खांद्यांचा कल, बोटांची टोकं. सगळ्यांना तो आवडला. तो परदेशी गेला.

उत्तर आलं त्या दिवशी उकाडा असह्य होता. दादांनी कागद हातात धरला आणि मराठी करत वाचू लागले. “चाल उत्तम. मात्र एक शंका. वाटेत ती खाली वाकून झोपलेल्या माणसाच्या पायाशी काय तपासते? त्याला इजा झाली आहे का? आणि नंतर स्वतःच्या छातीवर हात का ठेवते? तिला हृदयाचा विकार आहे का? कथेत तसं काही नाही.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तुकडा पुन्हा लावला. आणि पहिल्यांदाच आम्हाला ते दिसलं. मालनचा पाय लागतो. तिचा उजवा हात खाली जातो, बोटं त्या माणसाच्या पोटरीला टेकतात आणि तिथून तिच्या छातीशी येतात. दूरच्या शतकातली, दुसऱ्या कुठल्या तरी मुलखातली, अंतराळात वाढलेली ती बाई पाय लागला म्हणून नमस्कार करून पुढे जात होती. मी तो केल्याचं मला आठवत नव्हतं. उतरवणाऱ्यांना तो वेगळा वाटला नव्हता. इतक्या डोळ्यांखालून गेला आणि कुणालाच टोचला नाही.

“च्यायला, पाय लागला ना त्याला!” हरेश म्हणाला.

“ते तुला कळलं हरेश. त्यांना कसं कळणार?” दादा म्हणाले.

“मग पाय लागला तर ते काय करतात?”

“सॉरी म्हणतात.”

“झोपलेल्याला?”

दादा हसत सुटले. हसता हसता त्यांना मिरचीचा ठसका लागला, आणि मग खुर्चीत बसून त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. सगळं पुन्हा करायचं होतं. मुदत सरत आली होती. आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर जो थकवा दिसत होता तो कुठल्याही वहीत लिहून ठेवता आला नसता.

त्याच संध्याकाळी घरी आले तर कुसुममावशी दारातच भेटल्या. “आज आई तुझी वही वाचत होती बरं का. विसरून गेलीस ना? तिने बोट दाखवलं, मी दिली मांडीवर. पानं मीच उलटत होते.”

आई खिडकीपाशी बसलेली. चष्मा डोळ्यांवर. वही मांडीवर उघडी आणि थरथरणारा उजवा हात तिच्यावर ठेवलेला, कागद आवाज करत होता. पान तेच होतं, पापण्यांचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या बाईने ही वहीही तपासली होती. फक्त शेरा दिला नव्हता. मी तिच्याकडे पाहिलं, ती माझ्याकडे. पापणी लवली नाही. मी वही उचलून घेतली, आणि त्या क्षणीही माझ्या डोक्यात कुणीतरी श्वास मोजत होतं, एक, दोन, तीन. मला स्वतःची शिसारी आली.

“आई,” मी म्हणाले. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावला.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. उन्हाने पांढरे झालेले, एकमेकांवर घासत जाणारे दिवस. आई जेवायची, झोपायची, मी उठवलं की उठायची. डॉक्टरांनी सांगितलेले चेहऱ्याचे व्यायाम मी बंद केले. तिच्यासमोर आरसा धरायची मला लाज वाटू लागली. मी तिच्याशी बोलत राहिले, भाजीबद्दल, बसबद्दल, पाणी गेल्याबद्दल, आणि प्रत्येक वाक्यानंतर तिच्या चेहऱ्याकडे पाहणं टाळत राहिले. कधी वाटे, ती रागावली आहे. रागावली असली तर निदान ती आहे. कधी त्याहून भयंकर काही वाटे, की तिने वाचलं आणि तिला काहीच वाटलं नाही.

स्टुडिओत पुन्हा खुर्च्या मांडल्या गेल्या. पुन्हा चटई, पुन्हा हरेश. मला एवढंच करायचं होतं, पाय लागू द्यायचा आणि पुढे जायचं. पहिल्या खेपेला हात खाली गेला. दुसऱ्या खेपेला मी तो अर्ध्यावर ओढून घेतला, तर मालनला झटका आल्यासारखं दिसलं. तिसऱ्या, चौथ्या, सातव्या खेपेला तेच.

“ताई, मी देव नाय,” हरेश चटईवरून म्हणाला. “बिनधास्त लाथ घालून जा.”

“जमत नाही रे.”

“माझ्या आयसला बोलावू का? ती बरोबर घालेल.”

शेवटी दादांनी तोड काढली. माझ्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेले पाण्याचे दोन पेले दिले. पेले चित्रातून काढून टाकता येणार होते; हात तर अडकले. मी चालले. तोल गेला, पाय लागला. हात हलला नाही, पाणी सांडलं नाही. मी खिडकीपर्यंत पोचले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पडद्यावर पाहताना मात्र हरेश पुढे झुकला. पाय लागल्याक्षणी माझी मान किंचित खाली गेली होती, हनुवटी छातीकडे, जेमतेम दोन बोटं. हातांनी केलं नाही ते मानेने केलं होतं.

“हे पण काढू?” त्याने विचारलं.

दादांनी ते तीनदा पाहिलं. “राहू दे,” ते म्हणाले. “हे कुणाला दिसणार नाही.”

आज माझ्या हातातल्या फोनवर रोज अशी शेकडो माणसं येतात जी कुठेच नाहीत. नितळ, लकाकती, हवं तेव्हा हसणारी आणि हवं तेव्हा अश्रू ढाळणारी. त्यांच्या पापण्या अचूक लवतात. त्यांच्यात काय चुकतंय ते शोधायला आता कुणी कविता वाचलेल्या बाईला नोकरीवर ठेवत नसेल. मला त्यांचा राग येत नाही. राग यायलाही समोरच्याच्या अंगात ऊब लागते. मी नुसती बोटाने त्यांना वर सरकवत जाते, आणि कधीतरी एखाद्या चेहऱ्यापाशी थांबून वाटतं, हिला कुणाची पापणी लावली असेल? कुणाच्या आईची?

तो चित्रपट पुढे ठाण्यात लागला तेव्हा आम्ही पाचही जण पाहायला गेलो होतो. आमची दोन मिनिटं कापून तिथे वीसेक सेकंद उरली होती. मालनने डोळे उघडले. शेजारच्या रांगेतली एक बाई नवऱ्याला म्हणाली, “अहो, ही खरी असेल हो, बाकीचे खोटे.” हरेशने माझ्या हातावर टिचकी मारली. मी अंधारात बसून होते. मालनची मान दोन बोटं खाली गेली, आणि ती शीळफाट्याकडे पाहत उभी राहिली. पण हे सगळं नंतरचं. तो उन्हाळा तोवर सरला होता.

त्या उन्हाळ्यातला एक रविवार मात्र कधीच सरला नाही. कुसुममावशींनी मसाल्याच्या मिरच्या भाजायला काढल्या होत्या, आणि त्यांच्या घरात नातवंड आलेलं म्हणून भाजायला आमचं स्वयंपाकघर घेतलं होतं. बेडगी आणि काश्मिरी, देठ खुडलेल्या. कढईतून धूर उठला आणि घर भरलं. मी खोकत, पदराने तोंड झाकत आईला गॅलरीत न्यायला धावले. आई पलंगावर बसली होती, ताठ, नेहमीसारखी. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो न हललेला चेहरा, ती उतरलेली भुवईची कमान, आणि त्यावरून दोन धारा हनुवटीपर्यंत, पदरावर. ती ते पुसत नव्हती.

“आई, डोळ्यांत गेलं का ग?”

मी तिच्या पायांशी बसले. धार थांबत नव्हती. मिरचीचं पाणी कुठे संपतं आणि आईचं कुठे सुरू होतं हे मी पाहत राहिले, जवळून, अगदी जवळून, आणि मला काही कळलं नाही. माणसांचे चेहरे वाचायचा पगार घेणारी मी.

“अगं, तिला मिरचीने पाणी आलंय,” कुसुममावशी झारा हातात घेऊन दारात येऊन म्हणाल्या. “तू कशाला रडतेस?”

“मलाही मिरचीनेच,” मी म्हणाले.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी गॅस बंद केला आणि अर्ध्या मिरच्या तशाच कच्च्या घेऊन खाली निघून गेल्या. जाताना काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्याच आठवड्यात परदेशातून निरोप आला की चालण्याचा तुकडा मंजूर झाला. एका ओळीचा निरोप. दादांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि लवकर घरी सोडलं. मी पोचले तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं, पिवळं, कलतं. कुसुममावशी विणकाम गुंडाळून उठल्या. दार लावून मी पाय धुतले, आणि तशीच ओल्या पायांनी आईच्या पलंगाशी जमिनीवर बसले. पंखा गरम हवा ढवळत होता. मला उठून चहा टाकायचा होता, आईची संध्याकाळची गोळी द्यायची होती, आणि माझ्याने उठवेना.

“आई,” मी म्हणाले, “वहीतलं ते तुझंच आहे. मी तुला न विचारता नेलं. तुझ्या पापण्या त्या बाईला दिल्या. ती आता तुझ्यासारखी जागी होते.” एवढं बोलले आणि थांबले. “मी तुझ्याकडे बघत होते ते तुला बघत नव्हते. कामासाठी बघत होते. तू रागावली असशील तर रागाव. पण मला कळू दे.”

आईचा हात थरथरत होता, चादरीवर बारीक आवाज करत. चेहरा तसाच. मी वाट पाहू लागले, आणि मला जाणवलं की मी श्वास मोजत नाही आहे. ऊन खिडकीच्या गजांवरून भिंतीवर गेलं. मग तिची मान वळली, आणि मानेच्या मागून, लांबून चालत, तिची नजर आली. ती माझ्या डोळ्यांवर थांबली, गालांवर, कपाळावरच्या चिकट केसांवर, पुन्हा डोळ्यांवर. मी इतके दिवस तिचा चेहरा वाचत होते; कुणीतरी माझा वाचत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तिचे ओठ हलू लागले. आवाज यायला वेळ लागे, शब्द आधी ओठांवर दोनदा-तीनदा चाचपडे. मी कान तिच्या तोंडाजवळ नेला. आई म्हणाली, “दमलीस.”